ड्राईव्हची सेटिंग पुसतं कोण?

प्रश्न : मी मुरबे गावात राहतो आणि बोईसरच्या एमआयडीसीत एका कापड प्रोसेस हाऊसमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आमच्या बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला ११ किलोवॅटची मोटर आहे आणि ती स्पीड बदलणाऱ्या ड्राईव्हवर चालते. स्पीडचा आकडा पीएलसीतून, म्हणजे कंट्रोलच्या संगणकातून, दोन वायरच्या केबलने जातो. हे काम दोन वर्षांपूर्वी नवीन झालं. या पावसाळ्यात लाईट जाऊन आली की ड्राईव्ह अधूनमधून कोरा होतो, सगळी सेटिंग नव्या मालासारखी दिसते. चालू असताना मात्र असं कधीच होत नाही. कुणी म्हणतं विजेचा झटका, कुणी म्हणतं खारी हवा, एक जण तर म्हणतो की जवळ अणुकेंद्र आहे म्हणून. समोर सातपाटीत बर्फाच्या कारखान्यात असलेला माझा मावसभाऊ म्हणतो की दोन महिने मशीन बंद राहिली तर ड्राईव्ह विसरतोच. मेमरीत लिहिलेलं असं पुसतं कसं? आणि सेटिंग पुन्हा टाकताना आधी काय बघावं?
— एक वाचक, मुरबे, ता. पालघर

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. लाईट जाऊन आली की ड्राईव्ह कोरा होतो, चालू असताना कधीच होत नाही. या एका गोष्टीवरून बरंच काही कळतं.

ड्राईव्हला सप्लाय मिळाला की तो सगळी सेटिंग कायमच्या मेमरीतून, म्हणजे ईईप्रॉममधून, एकदा वाचून घेतो आणि कामाच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवतो. पुढे दिवसभर, महिनाभर मोटर चालते ती रॅममधल्या आकड्यांवर. मधल्या काळात ईईप्रॉममधला एखादा आकडा खराब झाला तरी मोटर ढिम्म असते, कारण ईईप्रॉम पुन्हा वाचायची वेळच आलेली नसते. लाईट गेली की रॅम रिकामी होते. लाईट आल्यावर ड्राईव्ह पुन्हा ईईप्रॉम उघडतो, तिथली तपासणीची बेरीज जुळत नाही, आणि मग तो फॉल्ट दाखवून थांबतो किंवा कंपनीची मूळ सेटिंग उचलतो. बिघाड कदाचित एप्रिलमध्येच झालेला असतो. जूनच्या पहिल्या पावसात फीडर ट्रिप होतो तेव्हा तो उघडकीला येतो, आणि दोष महावितरणच्या माथी बसतो.

आता हा बिघाड होतो कसा ते पाहू. ईईप्रॉमच्या प्रत्येक घरात वाहक पदार्थाचा एक सूक्ष्म तुकडा चारी बाजूंनी ऑक्साईडच्या थरात कोंडलेला असतो. या रचनेची मूळ कल्पना १९६७ साली बेल लॅब्जमधल्या डावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. इंटेलमध्ये जॉर्ज पर्लेगोस यांनी १९७८ साली तिच्यावर २८१६ ही विजेनेच पुसता येणारी चिप बेतली. त्या कोंडलेल्या तुकड्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावर शून्य की एक हे ठरतं. एकदा अडकलेले इलेक्ट्रॉन वीज नसतानाही जागेवरच राहतात. जुन्या चिपला दहा वर्षांची हमी असायची, आताच्या कित्येक चिपना १०० वर्षांची असते. त्यामुळे तुमच्या मावसभावाची शंका इथेच मिटते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बर्फाचा कारखाना बंद ठेवला, म्हणून ड्राईव्ह काही विसरत नाही. दीर्घकाळ बंद राहिल्याने त्रास होतो तो ड्राईव्हमधल्या मोठ्या कपॅसिटरना, आणि तोही साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ सप्लाय न मिळाल्यावर. मग त्यांना हळूहळू व्होल्टेज देऊन सावरावं लागतं. दोन महिन्यांत ती वेळ येत नाही.

चिप झिजते ती लिहिण्यामुळे. दर वेळी आकडा लिहायचा तर चिपच्या पोटातच १५-२० व्होल्ट तयार करून इलेक्ट्रॉन त्या ऑक्साईडच्या आरपार ढकलावे लागतात. त्या जागी थराची जाडी असते सुमारे १० नॅनोमीटर. एकाच जागी खोडरबर फिरवत राहिलं की कागद विरतो, तसा हा थर दर लिखाणागणिक थोडा थोडा विरत जातो आणि शेवटी इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकत नाही. म्हणून प्रत्येक चिपला लिखाणाची मर्यादा असते : जुन्या चिपना एक लाख वेळा, नव्या चांगल्या चिपना दहा लाख वेळा. हातानं कीपॅडवरून सेटिंग करणाऱ्याला एक लाखाचा टप्पा जन्मात गाठता येणार नाही. पीएलसीला मात्र तो सहज गाठता येतो.

हिशोब करून बघा. पीएलसी दर सेकंदाला एकदा ईईप्रॉममध्ये लिहीत असेल तर दिवसाला ८६,४०० वेळा लिहून होतं. एक लाख संपायला २८ तास पुरतात. दर मिनिटाला एकदा लिहीत असेल तर ६९ दिवस. चिप दहा लाखांची असली, तरी दर मिनिटाच्या हिशोबाने ६९४ दिवस, म्हणजे दोन वर्षांना थोडे कमी. तुमचं पीएलसीचं कनेक्शन दोन वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. त्यातून हा आयडी फॅन. भट्टीत इंधन पडलं, दार उघडलं, स्टीमची मागणी वाढली की भट्टीतला दाब हलतो, आणि तो जागेवर आणायला पीएलसी फॅनचा स्पीड अखंड बदलत राहतो. एखाद्या साध्या पंपापेक्षा इथे आकडे कितीतरी पटीने जास्त जातात.

स्पीडचा आकडा केबलवरून गेला की तो ईईप्रॉममध्ये जातोच असं नाही. बहुतेक ड्राईव्हमध्ये त्याला वेगळी जागा ठेवलेली असते. तिथे लिहिलेलं रॅममध्येच राहतं आणि कितीही वेळा लिहिलं तरी चालतं. घोटाळा होतो तो प्रोग्रॅम करणाऱ्याने ती जागा सोडून स्पीडचा ‘पॅरामीटर’च लिहायला घेतला की. यास्कावाच्या ड्राईव्हमध्ये पॅरामीटर लिहून झाल्यावर ०९०० या पत्त्यावर हुकूम दिला तर नोंद कायमची होते, ०९१० वर दिला तर ती रॅमपुरती राहते. एका आकड्याचा फरक, पण त्यावर ड्राईव्हमधल्या कार्डाचं आयुष्य ठरतं. मित्सुबिशीच्या अनेक मॉडेलमध्ये ३४२ नंबरचा पॅरामीटर यासाठीच आहे. तो मुळात शून्यावर असतो, म्हणजे केबलवरून बदललेले पॅरामीटर कायमच्या मेमरीत जातात. १ केला की ते रॅमपुरते राहतात. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, पण पॅनेल उभं करणारा ठेकेदार एक, प्रोग्रॅम लिहिणारा दुसरा आणि रोज सांभाळणारे तुम्ही तिसरे, अशी वाटणी असते तेव्हा ते पान कुणीच उघडत नाही. माझ्या मते ड्राईव्हच्या मॅन्युअलमधलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान हेच.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. टेस्लाने २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. डॅशबोर्डच्या संगणकातली मेमरी चिप सततच्या लिखाणाने झिजून पडदा बंद पडत होता, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरासुद्धा. चिपचा प्रकार थोडा वेगळा, झीज हीच.

एवढं सगळं असलं तरी लगेच कार्ड बदलायची ऑर्डर देऊ नका. ‘सेटिंग गेली’ या तक्रारीमागे पुष्कळदा मेमरीचा काही दोषच नसतो. रात्रपाळीला कुणीतरी फॉल्ट जाईना म्हणून फॅक्टरी रीसेट मारलेला असतो. कीपॅडवर सेटिंग कॉपी करताना दिशा उलटी झालेली असते, म्हणजे ड्राईव्हमधून कीपॅडमध्ये घ्यायच्या ऐवजी कीपॅडमधली जुनीच ड्राईव्हमध्ये ओतली जाते. कधी एखाद्या डिजिटल इनपुटने दुसऱ्या मोटरचा सेट निवडलेला असतो, त्यामुळे आकडे वेगळेच दिसतात आणि पहिले शाबूत असतात. काही ड्राईव्हमध्ये कीपॅडवरून दिलेला स्पीड सप्लाय गेल्यावर शून्य होतो, कारण तो लक्षात ठेवायचा की नाही हे एका वेगळ्या पॅरामीटरवर असतं. आणि पीएलसी चालू होताच सगळे पॅरामीटर पुन्हा पाठवत असेल, तर तुम्ही हातानं केलेला बदल दर वेळी उडणारच. या सगळ्यात काही पुसलं गेलेलं नाही, कुणीतरी वर लिहिलं आहे. म्हणून शोधाची सुरुवात ‘शेवटचं कुणी लिहिलं’ इथून करावी.

मेमरीचा खरा दोष असेल तर डिस्प्ले बहुधा तसं सांगतो. डेल्टाच्या ड्राईव्हवर सीएफ१ म्हणजे मेमरीत लिहिता आलं नाही, सीएफ२ म्हणजे वाचता आलं नाही. मित्सुबिशीवर ई.पीई, यास्कावाच्या नव्या मॉडेलवर सीपीएफ०६, सीमेन्सच्या मायक्रोमास्टरवर एफ००५१. यातलं काही दिसलं की रीसेटला हात लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, मग फॉल्टचा इतिहास उघडून त्याचेही फोटो घ्या. रीसेटबरोबर तो इतिहासही काही ड्राईव्हमध्ये पुसला जातो.

मग एक साधी चाचणी करा. बॉयलर बंद असतानाच आणि मोटर थांबवून. पीएलसीची केबल काढून ठेवा. एखादा निरुपद्रवी पॅरामीटर बदला, उदाहरणार्थ डिस्प्लेवर कोणता आकडा दिसावा हा. काही सेकंद थांबा, कारण लिहिणं पुरं व्हायच्या आत सप्लाय काढला तर चांगल्या चिपमध्येही नोंद अर्धवट राहते. मग सप्लाय बंद करा, डिस्प्ले पूर्ण विझू द्या, थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा चालू करा. बदल टिकला का? हे आणखी एकदोनदा करा. केबल काढून टिकत असेल आणि केबल जोडल्यावर जात असेल, तर चोर पीएलसीकडे आहे. केबल काढूनही टिकत नसेल तर चिप किंवा कार्ड गेलं.

खाऱ्या हवेचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मुरबे खाडीकाठी आहे, बोईसरही समुद्रापासून फार आत नाही. हवेतून येणारं मीठ पॅनेलच्या पंख्यावाटे कार्डावर बसतं. उन्हाळ्यात ते कोरडं असतं आणि निमूट बसून राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून ओलं होतं आणि चिपच्या दोन पायांच्या मध्ये विजेला वाट मिळते. पावसाळ्यात आपल्याकडे हा आकडा रोजचाच. त्यात कापडाचा तंतू कार्डावर बसला असेल तर तो ओल आणखी धरून ठेवतो, आणि आसपासच्या रासायनिक कारखान्यांच्या वायूंनी तांबं काळं पडतं. अशा कार्डावर मेमरी शाबूत असूनही ड्राईव्हला ती नीट वाचता येत नाही. कार्ड साफ करून सुकवलं की सगळं परत येतं. म्हणून चिपच्या आणि रिबन केबलच्या पायांशी पांढरट किंवा हिरवट थर दिसतो का, हे टॉर्च लावून बघा. पॅनेलमध्ये छोटा हीटर लावा, पंख्याचं फिल्टर पावसाळ्याआधी बदला, आणि पुढचा ड्राईव्ह घेताना कोटिंग केलेलं कार्ड मागून घ्या.

आता अणुकेंद्र. हा प्रश्न तारापूरच्या आजूबाजूला कुणालाही पडावा. तिथल्या केंद्राची पहिली दोन युनिट १९६९ साली सुरू झाली, तीन पिढ्या ती बघत मोठ्या झाल्या. किरणोत्सारामुळे मेमरीतला आकडा उलटतो हे खरंच आहे. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवलं की रॅम चिपमध्ये येणाऱ्या गूढ चुका अल्फा कणांमुळे होतात. ते कण कुठल्या अणुभट्टीतून आलेले नव्हते. चिपच्या स्वतःच्याच सिरॅमिक वेष्टणात युरेनियम-थोरियमचा अंश होता. पण अशी चूक रॅममध्ये होते, सप्लाय बंद-चालू केला की निघून जाते. तुमचं लक्षण नेमकं उलटं आहे. शिवाय अणुकेंद्रामुळे आम जनतेला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेची भारतातली मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि माती, खडक, आकाश यांतून माणसाला जगभर सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. तुमच्या ड्राईव्हच्या बाबतीत अणुकेंद्राला निश्चिंतपणे वगळा.

सेटिंग पुन्हा टाकताना काय बघावं, या तुमच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. कोरा ड्राईव्ह मोटर चालवू शकतो, आणि भीती त्याचीच आहे. फॅन फिरतोय, धूर जातोय, काम झालं असं वाटतं; पण तुम्ही लावलेली सगळी संरक्षणं गेलेली असतात.

आधी ओव्हरलोड. समजा मोटरच्या नेमप्लेटवर २० अँपिअर आहेत आणि ड्राईव्ह एक साईज मोठा, ३२ अँपिअरचा बसवलेला आहे. रीसेटनंतर बहुतेक ड्राईव्ह ओव्हरलोडसाठी स्वतःचेच अँपिअर धरतात. मग मोटर २८ अँपिअर ओढत बसली तरी ड्राईव्ह गप्प राहतो आणि वायंडिंग जळतं. म्हणून नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ आणि आरपीएम आधी भरा. तेही ड्राईव्हच्या नव्हे, मोटरच्या नेमप्लेटवरचे.

मग हर्ट्झ. डेल्टाच्या अनेक मॉडेलमध्ये रीसेटसाठी ००-०२ मध्ये ९ टाकलं तर ५० हर्ट्झची सेटिंग येते, १० टाकलं तर ६० ची. घाईत १० पडलं तर फॅनचा कमाल स्पीड ६० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो. फॅनला लागणारी शक्ती स्पीडच्या घनाने वाढते, म्हणजे ५० वरून ६० वर गेल्यावर १.७३ पट. वर सांगितलेला ओव्हरलोडही भरायचा राहिला असेल, तर पुढचं सांगायला नको.

तिसरी गोष्ट इनपुटची, आणि ती बॉयलरवाल्यांनी डोळ्यात तेल घालून बघावी. बाहेरचा एखादा इंटरलॉक ड्राईव्हच्या ज्या टर्मिनलवर येतो, त्या टर्मिनलचा अर्थ पॅरामीटरने ठरवलेला असतो. रीसेटनंतर तेच टर्मिनल ‘बाहेरचा फॉल्ट’ न राहता ‘स्पीड नंबर दोन’ होऊन बसतं. वायर जागेवर, इंडिकेशन जागेवर, पण ड्राईव्ह त्या सिग्नलवर थांबत नाही. म्हणून सेटिंग टाकल्यावर प्रत्येक इंटरलॉक मुद्दाम तोडून बघा आणि मोटर खरंच थांबते याची खात्री करा. ड्राईव्ह ट्रिप झाल्यावर भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन आणि इंधनाची फीड बंद होते का, हेही याच वेळी बघा. आयडी फॅन मंदावला आणि हवा आत ढकलली जात राहिली तर भट्टीत दाब चढतो आणि दारातून ज्वाळा बाहेर येतात.

फिरण्याची दिशा डोळ्यांनी तपासा. असा सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला जाते, फक्त कमी जाते. त्यामुळे धूर चिमणीतून निघतोय म्हणून दिशा बरोबर आहे असं समजू नका. केसिंगवरचा बाण आणि शाफ्ट बघा. स्पीड घेण्याचा आणि उतरण्याचा वेळ लांब ठेवा. जड फॅनला मूळ सेटिंगचे ५-१० सेकंद अपुरे पडतात : चढताना ओव्हरकरंट आणि उतरताना ओव्हरव्होल्टेज येतो. सप्लाय आल्याबरोबर आपोआप सुरू व्हायचं की नाही, ते शेवटी ठरवा. माझं मत विचाराल तर बॉयलरवर आपोआप नकोच.

ड्राईव्ह उघडायची वेळ आली तर डिस्प्ले विझला म्हणजे वीज गेली असं धरू नका. ४१५ व्होल्टवर आतल्या डीसी बसवर ५८० च्या वर व्होल्ट असतात. मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा. मोटर मेगर करायची असेल तर आधी तिची केबल ड्राईव्हवरून सोडवा.

कार्ड खरंच गेलं असेल तर फक्त आठ पायांची मेमरी चिप बदलून देणारे कारागीर मिळतात, आणि त्यातले काही उत्तम काम करतात. एक खबरदारी घ्या. त्या चिपमध्ये तुमच्या सेटिंगबरोबर कंपनीचे आकडेही असतात : ड्राईव्हची क्षमता, करंट सेन्सरचं मोजमाप. कोरी चिप घातली तर ड्राईव्ह स्वतःची साईज चुकीची समजतो आणि करंट चुकीचा मोजतो. काम झाल्यावर डिस्प्लेवरचे अँपिअर आणि क्लॅम्प मीटरचे अँपिअर लोडवर जुळवून बघा, त्याशिवाय बिल देऊ नका.

नवं कार्ड बसवायच्या आधी पीएलसीचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याला बोलावून स्पीडचा आकडा नेमका कुठल्या पत्त्यावर जातो ते उघडून बघा. तो बदलला नाही तर नवं कार्डही तेवढ्याच दिवसांत जाईल. प्रोग्रॅमवाला मिळत नसेल तर स्पीडचा सिग्नल ४-२० मिलिअँपिअरवर घ्या. त्यातून मेमरीत काहीच लिहिलं जात नाही. आणि बदललेल्या पॅरामीटरची यादी, तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव यांसह, पॅनेलच्या दाराला आतून प्लास्टिकमध्ये लावा. त्याच यादीची दुसरी प्रत ऑफिसात ठेवा, कारण पावसात पॅनेलमधली प्रत ओली होते.